मालेगाव २००८ खटला आणि सरकार पक्षाचे निर्णय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३१ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने मालेगाव बॉम्बस्फोट खटल्यातल्या सातही आरोपींची निर्दोष सुटका केली. निकालानंतर दोन टोकांची माणसं एकच प्रश्न विचारू लागली. काहींच्या मते निरपराध माणसांना सतरा वर्षं गोवलं गेलं, काहींच्या मते चांगला खटला जाणूनबुजून ढिला केला गेला. दोघांनाही विचारायचं आहे ते हेच की सरकार पक्षाने हा खटला चालवला तरी कसा? दोषी कोण, हे इथे ठरवायचं नाही. ते न्यायालयाचं काम आहे. आरोप कधी लावायचे, कधी वगळायचे, वकील कोण ठेवायचा, अपील करायचं की नाही, हे निर्णय कोण घेतं आणि त्यांची कारणं आपल्याला का कळत नाहीत, एवढ्यापुरतीच ही प्रश्नोत्तरं आहेत.

हा खटला थोडक्यात काय आहे?

२९ सप्टेंबर २००८ च्या रात्री मालेगावच्या भिक्कू चौकात स्फोट झाला. रमजान चालू होता, दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. सहा जण मेले. जखमींचा आकडा सरकार पक्षाने १०१ सांगितला, न्यायालयाने निकालात ९५ धरला. बॉम्ब एका मोटरसायकलवर बसवला होता, असं तपासयंत्रणेचं म्हणणं होतं. महाराष्ट्र एटीएसने, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने, तेव्हा त्याचे प्रमुख हेमंत करकरे होते, त्या मोटरसायकलचा माग काढत प्रज्ञासिंह ठाकूर यांना ऑक्टोबरमध्ये अटक केली. पुढच्या महिन्यात लष्करातले अधिकारी प्रसाद पुरोहित यांना अटक झाली. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात करकरे शहीद झाले. जानेवारी २००९ मध्ये मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कडक कायदा, लावून आरोपपत्र दाखल झालं. एप्रिल २०११ मध्ये तपास एनआयएकडे, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. २०१६ मध्ये एनआयएने पुरवणी आरोपपत्र दिलं, ऑक्टोबर २०१८ मध्ये सात जणांवर आरोप निश्चित झाले, आणि तीनशेहून जास्त साक्षीदार तपासून झाल्यावर २०२५ मध्ये निकाल लागला.

सरकारी वकील नक्की कोणाचा वकील असतो?

पोलिसांचा नाही. मंत्र्यांचाही नाही. आणि गोष्ट कितीही टोचली तरी, फिर्यादीचाही नाही. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र शासन या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी वकील हा तपासयंत्रणेचा भाग नसून कायद्याने नेमलेला स्वतंत्र अधिकारी आहे. पोलिसांनी कागद पुढे केला म्हणून त्याने सही करायची नाही, आधी स्वतःचं डोकं वापरायचं.

पुढच्याच वर्षी, पुन्हा महाराष्ट्रातूनच गेलेल्या एस. बी. शहाणे यांच्या प्रकरणात, न्यायालयाने आपल्या राज्याला आदेश दिला की सहायक सरकारी वकिलांना पोलीस खात्याच्या हाताखालून बाहेर काढा आणि त्यांचं वेगळं संवर्ग करा. तोपर्यंत खालच्या न्यायालयात उभा राहणारा सरकारी वकील पोलीस खात्याच्याच अधिकाऱ्याला उत्तर देत होता. आता अभियोग संचालनालय वेगळं आहे, पण तेही गृह विभागाच्याच छत्राखाली. ज्या विभागाकडे पोलीस, त्याच विभागाकडे पोलिसांचं काम तपासून बघणारा वकील. अंतर वाढलं, तरी छप्पर एकच राहिलं.

त्याच्या हातात खरंच किती अधिकार असतात?

सिनेमात दिसतात त्याहून कमी, आणि लोक समजतात त्याहून जास्त. आपल्याकडे आरोपपत्र पोलीस देतात. कोणाचं नाव घालायचं आणि कोणाचं वगळायचं, हे तपास अधिकारी ठरवतो. आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू या २००० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तपासाच्या टप्प्यात सरकारी वकिलाचं मत घेण्याची सक्ती करता येत नाही असं स्पष्ट केलं.

वकिलाचा अधिकार सुरू होतो तो न्यायालयाच्या दारात. जामिनाला विरोध करायचा की हरकत नाही म्हणायचं, कोणते साक्षीदार बोलवायचे आणि कोणते सोडायचे, साक्षीदार उलटला तर उलटतपासणी किती नेटाने घ्यायची, माफीचा साक्षीदार करायला संमती द्यायची का, खटला मागे घ्यायचा का. यातला एकेक निर्णय छोटा दिसतो. दहा वर्षांत असे शेकडो निर्णय होतात आणि खटला जिंकला की हरला हे त्यांच्या बेरजेतून ठरतं. बातमी मात्र फक्त शेवटच्या दिवशी होते.

रोहिणी सालियन यांनी नेमकं काय सांगितलं होतं?

सालियन या मुंबईच्या सत्र न्यायालयात वर्षानुवर्षं सरकारची बाजू मांडलेल्या ज्येष्ठ वकील आणि या खटल्यातल्या विशेष सरकारी वकील. जून २०१५ मध्ये त्यांनी इंडियन एक्स्प्रेसला मुलाखत दिली. केंद्रात सरकार बदलल्यावर एनआयएच्या एका अधिकाऱ्याचा आपल्याला फोन आला, फोनवर बोलायचं नाही म्हणून तो प्रत्यक्ष भेटायला आला आणि आरोपींबाबत जरा नरमाईने घ्या असा निरोप त्याने दिला, असं त्यांनी सांगितलं. नंतर १२ जूनला, यापुढे तुमच्याऐवजी दुसरा वकील उभा राहील, असं त्यांना कळवण्यात आलं. वरच्यांची तशी इच्छा आहे, हे कारण सांगितलं गेलं. एनआयएने हे आरोप फेटाळले. पुढे सालियन यांनी उच्च न्यायालयात शपथपत्र दिलं आणि त्यात त्या अधिकाऱ्याचं नावही घेतलं.

हा आरोप मी फार गंभीर मानतो, आणि त्याला कारण आहे. इथे आरोप करणारी व्यक्ती विरोधी पक्षाची पुढारी नव्हती, आरोपीची नातेवाईक नव्हती. ती सरकारनेच नेमलेली वकील होती, नाव देऊन, तारीख देऊन बोलत होती. आरोप खोटा असेल तर तेही पुराव्यानिशी लोकांपुढे यायला हवं होतं, कारण त्यात एका अधिकाऱ्याचीही अब्रू गुंतलेली होती. निव्वळ इन्कारावर असा विषय मिटत नाही. त्या इन्काराची सावली नंतरच्या प्रत्येक निर्णयावर पडली, अगदी जे निर्णय कदाचित योग्य असतील त्यांच्यावरही.

वकील बदलण्याचा अधिकार सरकारला नाही का?

आहे. एनआयए कायद्याच्या कलम १५ प्रमाणे एनआयएचे सरकारी वकील केंद्र सरकार नेमतं, आणि नेमणारा काढूही शकतो. त्या वकिलासाठी सात वर्षांच्या वकिलीची अट आहे. एकदा नेमल्यावर खटला संपेपर्यंत त्याला हात लावता येणार नाही, अशी तरतूद मात्र कुठेच नाही. न्यायाधीशाची बदली करायची तर उच्च न्यायालयाला विचारावं लागतं. सरकारी वकिलाला बाजूला करायचं तर एक फोन पुरतो. कायद्यातली ही पळवाट नाही, हा कायदाच तसा आहे.

२०१६ च्या पुरवणी आरोपपत्राने एवढं वादळ का उठलं?

१३ मे २०१६ रोजी एनआयएने न्यायालयाला सांगितलं की प्रज्ञासिंह ठाकूर आणि आणखी पाच जणांविरुद्ध खटला चालवण्याइतका पुरावा नाही. मोक्का लागू होत नाही. एटीएसच्या तपासावरही एनआयएने बोट ठेवलं. देवळाली इथल्या एका आरोपीच्या घरी आरडीएक्सचे अंश सापडले असं एटीएस म्हणत होती, त्या सापडण्याबद्दलच एनआयएने शंका घेतली. त्या वेळचे एनआयएचे विशेष सरकारी वकील अविनाश रसाळ यांनी, हे आरोपपत्र दाखल करताना आपल्याला विचारलंच नव्हतं, अशी नाराजी उघड बोलून दाखवली.

कायद्याच्या नजरेने पाहिलं तर वकिलाला न विचारणं बेकायदेशीर नव्हतं. आरोपपत्र हे तपासयंत्रणेचं काम, हे वर आलंच आहे. पण देशभर गाजणाऱ्या खटल्यात इतकं मोठं वळण घेताना आपल्याच वकिलाला ते बातम्यांतून कळावं, याने विश्वास कसा वाढणार? एक वर्ष आधी सालियन बोलून गेल्या होत्या. आता त्यांच्या जागी आलेला माणूसही म्हणत होता की मला ठाऊक नाही. ज्याला संशय घ्यायचाच नव्हता त्यालाही तो आला.

मोक्का काढल्याने असा काय फरक पडला?

फार मोठा. साध्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. मोक्काच्या कलम १८ खाली मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब ग्राह्य धरता येतो. एटीएसच्या खटल्याचा बराच भार अशा जबाबांवर होता. मोक्का गेला की ते जबाब कागदावर राहतात, पण पुराव्यातून बाद होतात.

आता याची दुसरी बाजू. मोक्का लावणं मुळात बरोबर होतं का? हा कायदा संघटित गुन्हेगारीसाठी आहे आणि त्याला टोळीविरुद्ध आधीच्या दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं लागतात. एटीएसने एका आरोपीविरुद्धच्या परभणी आणि जालना इथल्या मशिदींवरच्या हल्ल्यांच्या खटल्यांचा आधार घेतला आणि सगळ्यांवरच मोक्का लावला. २००९ मध्ये विशेष न्यायालयाने तो काढला, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने परत लावला, एप्रिल २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनाच्या संदर्भात त्याबद्दल गंभीर शंका व्यक्त केली. म्हणजे २०१६ मधली एनआयएची भूमिका हवेतून आलेली नव्हती. आणि कबुलीजबाब पुराव्यात आणता यावेत म्हणून कडक कायदा ओढूनताणून लावणं, हासुद्धा सरकार पक्षाच्या अधिकाराचा तितकाच वाईट वापर आहे. गुन्हा कोणत्या कायद्याखाली नोंदवायचा यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. खटल्याचं निम्मं भवितव्य तिथेच ठरतं.

तपासयंत्रणेने मत बदललं म्हणजे दबाव आलाच असं समजायचं का?

नाही. याचं उत्तरही मालेगावातच आहे.

८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावच्या बडा कब्रस्तानात स्फोट झाले आणि तीसहून जास्त माणसं गेली. एटीएसने नऊ मुस्लिम तरुणांना पकडलं. त्यांनी पाच वर्षांच्या आसपास तुरुंगात काढली. नंतर एनआयएने तपास हाती घेतला, मत बदललं आणि २०१३ मध्ये वेगळ्याच चौघांवर आरोपपत्र दिलं. एप्रिल २०१६ मध्ये त्या नऊ जणांना न्यायालयाने दोषमुक्त केलं. एक जण तोवर वारला होता. तेव्हा यंत्रणेने मत बदललं नसतं तर?

म्हणूनच मत बदललं एवढ्यावरून कोणाला चोर ठरवता येत नाही. बघायचं असतं ते हे की बदलाला नवा पुरावा होता का, तो न्यायालयापुढे मांडला का, आणि दोन्ही वेळा एकच मोजमाप लावलं का. २००६ च्या खटल्यात स्वतःच आधी या नऊ जणांविरुद्ध पुरावा नाही म्हणणाऱ्या एनआयएने एप्रिल २०१६ मध्ये त्यांच्या दोषमुक्तीला विरोध केला. पुढच्याच महिन्यात २००८ च्या खटल्यात आरोपींना वगळणारं आरोपपत्र आलं. एकाच गावाचे दोन खटले आणि यंत्रणाही एकच. मालेगावच्या माणसाने यातून काय समजावं?

न्यायालयाने एनआयएचं म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं का?

नाही, आणि ही गोष्ट या गदारोळात हरवली. एनआयएने हरकत घेतली नाही तरी विशेष न्यायालयाने जून २०१६ मध्ये प्रज्ञासिंह यांचा जामीन नाकारला. तो त्यांना एप्रिल २०१७ मध्ये उच्च न्यायालयातून मिळाला. पुरोहित यांना ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. २७ डिसेंबर २०१७ रोजी विशेष न्यायाधीश एस. डी. टेकाळे यांनी मोक्का काढला, तिघांना दोषमुक्त केलं, पण प्रज्ञासिंह यांना वगळायची एनआयएची भूमिका स्वीकारली नाही. त्यांच्यासह सात जणांवर यूएपीए (दहशतवादी कारवायांविरुद्धचा कायदा), भारतीय दंड संहिता आणि स्फोटक पदार्थ कायद्याखाली खटला चालेल असा आदेश दिला.

सर्वोच्च न्यायालयाने विनय त्यागी प्रकरणात घालून दिलेला नियम असा की पहिला अहवाल आणि पुढच्या तपासाचा अहवाल दोन्ही एकत्र वाचायचे. नवा अहवाल आला म्हणून जुना आपोआप रद्द होत नाही. म्हणजे यंत्रणेच्या मर्जीला न्यायालयाचा लगाम असतो.

पण लगाम असूनही एक अडचण राहतेच. न्यायालय खटला चालवायला लावू शकतं, तो मनापासून चालवायला लावू शकत नाही. ज्या व्यक्तीविरुद्ध पुरावा नाही असं तुम्ही लेखी दिलंय, तिच्याचविरुद्ध तुम्हाला साक्षीदार उभे करायचे आहेत. एनआयएने शेवटच्या लेखी युक्तिवादात आरोपींना शिक्षा व्हावी अशी मागणी केली, हे नोंदवलं पाहिजे. तोवर २०१६ चा कागद बचाव पक्षाच्या हातात नऊ वर्षं होता.

निकालात न्यायालयाने काय म्हटलं? खटला खोटा होता असं सिद्ध झालं का?

विशेष न्यायाधीश ए. के. लाहोटी यांनी हजारहून जास्त पानांचं निकालपत्र दिलं. स्फोट झाला हे सिद्ध झालं, पण बॉम्ब त्याच मोटरसायकलमध्ये बसवला होता हे सिद्ध झालं नाही. मोटरसायकल प्रज्ञासिंह यांच्या ताब्यात होती हे सिद्ध झालं नाही. पुरोहित यांच्या घरी आरडीएक्स ठेवल्याचा किंवा बॉम्ब जुळवल्याचा पुरावा नाही. घटनास्थळाचा पंचनामा नीट केला नव्हता. यूएपीएखाली खटला चालवायला सरकारने दिलेली मंजुरी सदोष होती. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, म्हणून संशयाचा फायदा आरोपींना. मृतांच्या वारसांना प्रत्येकी २ लाख आणि जखमींना ५० हजार रुपये भरपाई द्यायचा आदेशही झाला.

या यादीतल्या त्रुटी एका सरकारच्या काळातल्या नाहीत. पंचनामा २००८ चा आणि यूएपीएची मंजुरीही एटीएसच्याच काळातली. मोक्का गेला तो नंतर. एटीएसचे कडवे समर्थक आणि एनआयएचे कडवे समर्थक, दोघांनीही ही यादी पूर्ण वाचावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

साक्षीदार फितूर झाले ते कोणामुळे?

तीसहून जास्त साक्षीदार फितूर झाले. काहींनी न्यायालयात सांगितलं की एटीएसने आपल्याला डांबून, धमकावून जबाब घेतले, एकाने तर मोठ्या राजकीय नेत्यांची नावं घ्यायला भाग पाडल्याचं सांगितलं. दुसरीकडे मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवलेले काही मूळ जबाब न्यायालयाच्या कागदपत्रांतून गहाळ झाल्याचं २०१६ मध्ये उघड झालं. दहा वर्षांनी साक्ष द्यायला आलेला माणूस आधी घाबरून बोलला होता की आता घाबरून बदलतोय, हे निव्वळ निकालपत्र वाचून सांगता येत नाही. जबाब घेताना चित्रीकरण असतं तर सांगता आलं असतं.

निकालाविरुद्ध अपील कोणी करायचं? सरकारने नाही केलं तर?

एनआयएच्या खटल्यात अपिलाचा निर्णय मुळात एनआयए आणि केंद्र सरकारचा. निकालानंतर मालेगावात लोक पहिल्यांदा हेच विचारत होते, आणि त्याला ताजं कारण होतं. दहाच दिवस आधी, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या साखळी स्फोटांच्या खटल्यातल्या बारा आरोपींची सुटका केली होती. राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ जुलैला त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला म्हणून वापर होऊ नये इतपत स्थगितीही मिळाली. त्या खटल्यात अपील करणं चूक होतं असं मी म्हणत नाही. तिथेही माणसं मेली होती. पण एका निकालावर तीन दिवसांत धाव आणि दुसऱ्यावर शांतता, हे ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

सरकार गप्प बसलं तरी २००९ पासून पीडितांना स्वतः अपील करायचा हक्क आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. मालेगावच्या पीडित कुटुंबांनी सप्टेंबर २०२५ मध्ये तोच हक्क वापरून मुंबई उच्च न्यायालयात अपील केलं.

खटला चालू असताना पीडितांना बोलता येतं का?

येतं, पण मागच्या बाकावरून. पीडिताला स्वतःचा वकील लावता येतो, पण तो सरकारी वकिलाला साहाय्य करतो. पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. साक्षीदाराला थेट प्रश्न विचारणं त्याच्या हातात नाही. या खटल्यात स्फोटात मुलगा गमावलेले एक वडील जामिनापासून प्रत्येक टप्प्यावर हस्तक्षेप अर्ज घेऊन उभे राहिले. सरकारी वकील म्हणतो हरकत नाही, आणि मुलगा गमावलेला बाप म्हणतो माझी हरकत आहे. हे दृश्य ज्या न्यायालयात दिसतं तिथे विश्वास उडाला का, हे वेगळं विचारायची गरज नाही.

आरोप वगळणं आणि खटला मागे घेणं, यात फरक काय?

आरोप वगळले जातात ते तपासाच्या टप्प्यात, पोलिसांच्या कागदावर. खटला मागे घेतो तो सरकारी वकील, न्यायालयाच्या संमतीने. जुन्या कायद्यात हे कलम ३२१ होतं, नव्या संहितेत ३६०. आपल्या राज्यात याचा सर्रास वापर होतो तो आंदोलनांच्या खटल्यांत. शासन निर्णय निघतो, जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचं नुकसान ठरावीक रकमेपेक्षा जास्त नसावं अशा अटी असतात आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांतले खटले मागे घेतले जातात. मराठा आरक्षणाच्या आंदोलनातले खटले याच वाटेने गेले. रस्ता अडवला म्हणून पोराचं पोलीस भरतीचं दार कायमचं बंद होऊ नये, हे मला पटतं.

पण निर्णय वकिलाचा असला पाहिजे, मंत्रालयाचा नाही. २०२१ मध्ये केरळच्या आमदारांनी विधानसभेत केलेल्या मोडतोडीचा खटला मागे घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला तो याच मुद्द्यावर: यात लोकहित कुठे आहे ते दाखवा. त्याच वर्षी, उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय आजी-माजी आमदार-खासदारांवरचे खटले मागे घेता येणार नाहीत, असाही आदेश झाला. नव्या कलम ३६० मध्ये एक चांगली भर आहे. खटला मागे घेण्याआधी पीडिताचं म्हणणं ऐकणं आता बंधनकारक आहे.

नामवंत विशेष सरकारी वकील नेमला की शंका मिटते ना?

आपल्याकडे मोठा गुन्हा घडला की गावबंद, मोर्चा आणि पाठोपाठ मागणी येते: उज्ज्वल निकम यांना नेमा. कोपर्डीपासून मस्साजोगपर्यंत हेच झालं. यामागची वेदना खरी आहे. नेहमीचा सरकारी वकील आपलं ऐकेल, असा भरवसा लोकांना नाही. पण एका माणसावरचा विश्वास व्यवस्थेवरच्या अविश्वासाचाच पुरावा असतो. निकम २०२४ मध्ये भाजपच्या तिकिटावर लोकसभा लढले, हरल्यावर पुन्हा सरकारी वकील म्हणून उभे राहिले, आणि जुलै २०२५ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. त्यांच्या कामाबद्दल कोणाचं मत काहीही असो, निवडणूक लढवणं आणि सरकार पक्षाची बाजू मांडणं यात काही वर्षांचं अंतर असावं, असा नियम हवा. तो कोणत्याही पक्षाच्या वकिलाला लागू असावा.

वकील नेमताना काळजी घेतली नाही की काय होतं, हे २००२ च्या गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्याने दाखवलं. गुजरातमध्ये सगळे आरोपी सुटले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या सरकारी वकिलाच्या वागण्यावर कोरडे ओढले आणि फेरखटला महाराष्ट्रात पाठवला. मुंबईत २००६ मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली.

दुसरीकडे यावर काही उपाय केलाय का?

इंग्लंडमध्ये खटला चालवायचा की नाही यासाठी दोन छापील कसोट्या आहेत: शिक्षा होण्याइतका पुरावा आहे का, आणि खटला चालवणं लोकहिताचं आहे का. त्या कोणालाही वाचता येतात. शिवाय २०१३ पासून, खटला न चालवायचा निर्णय झाला तर पीडित त्याच यंत्रणेकडे फेरविचार मागू शकतो आणि दुसरा वकील फाइल नव्याने बघतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी जिल्ह्याचा सरकारी वकील निवडणुकीने येतो. तो रस्ता आपल्याला परवडणारा नाही, मतांसाठी शिक्षा मागणारा वकील मला आत्ताच डोळ्यांसमोर दिसतो.

मग काय बदलायला हवं?

नवी संस्था काढायच्या आधी एक स्वस्त गोष्ट करता येईल: कारणं लिहायची. कोणाचं नाव वगळलं, कोणता कायदा काढला, जामिनाला हरकत का घेतली नाही, अपील का केलं नाही, याची दोन पानं, सहीसकट, न्यायालयाच्या नोंदीत आणि पीडिताच्या हातात. २०१६ मध्ये एनआयएकडे चांगली कारणं असतील तर ती मालेगावच्या कुटुंबांना समजेल अशा उर्दू-मराठीत पोचायला हवी होती. २००८ मध्ये एटीएसकडे मोक्का लावायची चांगली कारणं असतील तर तीही.

दुसरं, विशेष सरकारी वकिलाला खटला संपेपर्यंत काढायचं असेल तर न्यायालयाला कारण सांगून काढावं. तिसरं, सरकारी वकिलाने दबावाची तक्रार केली तर तिची चौकशी ज्या यंत्रणेविरुद्ध तक्रार आहे तिच्याकडे देऊ नये. सालियन यांच्या तक्रारीच्या वेळी ही एवढी सोय असती, तर ती तक्रार खरी की खोटी हे २०१५ मध्येच ठरलं असतं, आणि त्यानंतर त्यांच्या जागी जो कोणी उभा राहिला त्याला स्वच्छ पाटी मिळाली असती.